रिकॉल डॉग फूडचा झालाय, तुमचा नाही

पत्र थोडक्यात (नावं बदलली आहेत): एका ताईंच्या घरी दोन कुत्रे. बारा वर्षांचा वाघ्या जानेवारीच्या शेवटी किडनीच्या आजाराने गेला, आता चार वर्षांची चिंगी आहे. जूनच्या शेवटी चिंगीच्या (आणि आधी वाघ्याच्याही) ड्राय फूडच्या काही बॅगा कंपनीने परत मागवल्या, म्हणजे रिकॉल केल्या. त्यात व्हिटॅमिन डी प्रमाणाबाहेर पडलं होतं आणि त्याने किडनी खराब होऊ शकते असं नोटिशीत लिहिलं होतं. ताईंनी त्याच रात्री घरातल्या दोन्ही बॅगा लॉट नंबर (माल कुठल्या खेपेतला ते सांगणारा बॅगेवरचा नंबर) न बघता कचऱ्यात टाकल्या. तेव्हापासून सात आठवडे चिंगीला घरी शिजवलेलं चिकन-भात चालू आहे. चिंगी ठणठणीत दिसते, डॉक्टरांनी हाताने तपासलंय, ब्लड टेस्ट झालेली नाही. नवरा म्हणतो "काही झालेलं नाही, उगाच डोक्यात घेऊ नकोस", त्यावरून दोघांचं बोलणं जवळपास बंद आहे. मुलीने "या कंपनीने आमच्या वाघ्याला मारलं" अशी पोस्ट लिहून ठेवलीय. जुनी मैत्रीण त्याच कंपनीचं दुसरं फूड अजून घालते म्हणून तिच्याशीही वाजलंय. ताई विचारतात: वाघ्या माझ्याच हाताने गेला का? बाहेरचं फूड कायमचं बंद करू का? पोस्ट टाकू द्यावी का?

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा घशाशी आलं, दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन घेतलं आणि तिसऱ्यांदा चक्क कॅलेंडर. कॅलेंडर का ते सांगते, पण त्याआधी एक छोटी गोष्ट. तुम्ही लिहिलंय, "घरात आता त्या फूडचा एक दाणाही नाही." आणि त्याच्याखाली चार ओळींवर लिहिलंय की चिंगी अजूनही फ्रीजखाली नाक घालून हुंगत बसते, कारण वाघ्या नको असलेले दाणे पंजाने तिथे ढकलायचा आणि ही मागून जाऊन खायची. मग दाणे आहेत की हो घरात! फ्रीजचं लक्षात ठेवा, शेवटी परत येते त्यावर.

आता तारखा. तुम्ही नोटीस जशीच्या तशी पत्रात उतरवून पाठवलीत ते फार बरं केलंत. त्यात स्पष्ट लिहिलंय की खराब निघालेला माल मार्च ते मे या काळात तयार झालेला आहे. वाघ्या गेला जानेवारीच्या शेवटी. त्याची किडनी बिघडल्याचं तुम्हाला कळलं नोव्हेंबरात, आणि नंतरचे दोन महिने तो डॉक्टरांनी दिलेल्या किडनीच्या फूडवर होता, चिंगीचं फूड त्याने तेव्हा तोंडातही धरलं नाही. म्हणजे ज्या बॅगांवरून तुम्ही सात आठवडे झोपला नाहीत त्या बॅगा वाघ्या होता तेव्हा तयारच झालेल्या नव्हत्या. नोटिशीतल्या मालाने वाघ्या गेला असं होऊच शकत नाही ताई. मी पुन्हा पुन्हा मोजलं.

हे गणित अवघड नाही, सगळे आकडे तुमच्याच पत्रात होते आणि तुम्ही हिशोबाच्या माणूस आहात, ऑफिसचे अकाउंट्स बघता असं तुम्हीच लिहिलंय. तरी हे गणित तुम्ही केलं नाहीत. का, याचा मी बराच विचार केला. माझा अंदाज सांगते, चुकला तर सोडून द्या. बारा वर्षांच्या कुत्र्याची किडनी जाणं ही फार साधी गोष्ट आहे, म्हाताऱ्या कुत्र्यांना होतं ते, त्याला दरवेळी कुणी जबाबदार नसतं. पण "असंच झालं" हे मनाला पचत नाही. जूनमधे नोटीस आली आणि त्यात किडनी हा शब्द होता, तुमच्या मनाने तो झटकन उचलला, कारण आता निदान एक कारण मिळालं, एक गुन्हेगार मिळाला, आणि तो गुन्हेगार तुम्ही स्वतः का असेना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथे तर चोर आहे की नाही हेच माहीत नाही आणि संन्यासी स्वतःच फासाखाली जाऊन उभा राहिलाय.

तुम्ही म्हणाल, आधीच्या मालातही काही असेल तर? असू शकतं, जगात काहीही असू शकतं. पण तसं म्हणायला आज तुमच्याकडे काही नाही, नोटिशीतही नाही. आणि समजा असतं तरी तुम्ही काय केलंत, तर सीलबंद बॅग आणली आणि वेळेवर वाटीत वाढली. व्हिटॅमिन डी जास्त आहे हे वासाने कळत नाही, रंगावरून कळत नाही, दाणा मोडून बघितला तरी कळत नाही. ते लॅबमधेच कळतं.

हे कसं होतं ते थोडं सांगते, कारण "एवढी मोठी कंपनी, अशी चूक होतेच कशी" हा प्रश्न पण तुमच्या पत्रात आहे. फूडमधे व्हिटॅमिन एकेक करून टाकत नाहीत, बऱ्याचदा सगळ्या व्हिटॅमिनचं तयार मिश्रण दुसऱ्या पुरवठादाराकडून येतं आणि ते टनावारी मालात अगदी थोडंसं मिसळायचं असतं. ते मिश्रणच चुकीचं आलं, किंवा मोजमाप हुकलं, की अख्खी बॅच गेली. २०१८ च्या शेवटी अमेरिकेत एकाच कारखान्यातून वेगवेगळ्या नावांनी निघालेलं ड्राय डॉग फूड असंच परत मागवलं गेलं, तिथल्या एफडीए या सरकारी अन्न-औषध खात्याच्या तपासणीत काही नमुन्यांत व्हिटॅमिन डी ठरवलेल्या प्रमाणाच्या जवळपास ७० पट निघालं होतं. लगेच जानेवारी २०१९ मधे हिल्स या पेट फूड कंपनीने डबाबंद डॉग फूड परत मागवलं, तिथे पुरवठादाराकडून आलेल्या मिश्रणातच घोळ होता, आणि ती यादी पुढे मार्च आणि मे मधे वाढली. हे "यादी वाढली" लक्षात ठेवा, मैत्रिणीच्या मुद्द्याला लागणार आहे.

आता चिंगी. खरी काळजी करायची ती हिची, आणि तुम्ही दोघं नेमके तिच्याबद्दलच सगळ्यात कमी भांडलात. तुम्ही म्हणताय विष गेलंय पोटात, नवरा म्हणतोय काही झालेलं नाही, आणि दोघांपैकी एकानेही रक्त तपासलेलं नाही! व्हिटॅमिन डी हे चरबीत साठणारं व्हिटॅमिन आहे, जास्त झालं तर लघवीवाटे पटकन निघून जात नाही, आठवडे-महिने शरीरात रेंगाळतं. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि ते वाढलेलं राहिलं तर किडनीत जाऊन बसतं. लक्षणं म्हणजे उलट्या, खाणं कमी होणं, खूप पाणी पिणं आणि खूप वेळा लघवी, लाळ गळणं, वजन उतरणं. तुमच्या पत्रात यातलं एकही नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण नुसतं दिसण्यावर जाऊ नका. रक्तातल्या ज्या क्रिएटिनिनवरून आपण किडनीचा अंदाज घेतो ते किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत फारसं हलत नाही, आणि डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, डोळे बघितले, त्यात कॅल्शियम दिसत नाही.

तेव्हा या आठवड्यात जाऊन सांगा, चिंगीने मार्च ते मे मधलं फूड खाल्लेलं असू शकतं, व्हिटॅमिन डी जास्त असलेलं, मला रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, किडनीच्या टेस्ट आणि लघवीची तपासणी करून हवी. एवढं स्पष्ट सांगा, "जरा बघा हो, मला भीती वाटतेय" असं म्हणू नका, कारण मग डॉक्टर तुमची समजूत घालत बसतात. सात आठवडे झालेत म्हणून उशीर झाला असं समजू नका. नॉर्मल आलं तर परत कधी करायचं ते डॉक्टरच सांगतील. आणि त्या टेस्ट होईपर्यंत, हे हात जोडून सांगते, ते कॅल्शियमचं सप्लिमेंट चिंगीला देऊ नका जे मुलीने कुठेतरी वाचून मागवलंय. कॅल्शियम वाढलेलं असेल आणि वरून आपण अजून घातलं तर काय होईल.

टाकलेल्या बॅगांबद्दल. टाकल्यात, ठीक आहे, बैल गेल्यावर झोपा करण्यात अर्थ नाही. मी पण हेच केलंय, जरा वेगळ्या पद्धतीने. आमच्या मांजराच्या फूडबद्दल एकदा असंच काहीतरी आलं, आणि मी तर बॅग आणली की सगळं स्टीलच्या डब्यात ओतून मोकळी होणारी बाई. डब्याच्या तळाला जुने दाणे, वर नवे, बॅग केव्हाच रद्दीत गेलेली. रात्री एक वाजता फोनवर त्या फूडचा फोटो मोठा करून मी डब्यातल्या दाण्यांचे आकार जुळवत बसले होते, जसं काही लॉट नंबर दाण्यावर छापलेला असतो. मांजर समोर बसून बघत होतं की ही बाई माझं जेवण एकेक करून ताटात मांडून का बघतेय.

त्यानंतर मी फूड ओतायचं बंद केलं, बॅगच आख्खी डब्यात ठेवते, वरचं तोंड गुंडाळून. लॉट नंबर, एक्स्पायरी सगळं शेवटच्या दाण्यापर्यंत सोबत राहतं, आणि तळाशी जुना चुरा साठून खवट होत नाही तो वेगळा फायदा. नवीन बॅग उघडली की लॉट नंबरच्या जागेचा एक फोटो, दहा सेकंदांचं काम. तुमच्याकडेही डबा असेल तर तो आणि मोजायचा चमचा गरम पाणी आणि साबणाने धुवून पूर्ण वाळवा, तसाच परत वापरू नका. आणि पुढे कधी वेळ आली तर बॅग बंद करून, चिकटपट्टी लावून, वर "देऊ नका" असं मोठं लिहून बाजूला ठेवा, आपलं प्रकरण मिटेपर्यंत. टाकायची वेळ येईल तेव्हा पण अशी टाका की रस्त्यावरच्या कुत्र्यामांजराला ती फोडता येणार नाही. रागात भिरकावलेली बॅग दुसऱ्याच्या वाघ्याच्या पोटात जाऊ शकते.

लॉट नंबर अजूनही मिळू शकतो बरं का. ऑनलाइन घेतलं असेल तर ऑर्डरच्या तारखा आहेत, दुकानातून घेतलं असेल तर बिल किंवा पेमेंटचा मेसेज आहे, आणि दुकानदाराला कुठल्या महिन्यात कुठला माल आला ते बऱ्याचदा सांगता येतं. अजून एक, फोनमधले चिंगीचे फोटो बघा, एप्रिलपासूनचे. कुत्र्यांच्या फोटोत मागे काय काय येतं तुम्हाला कल्पना नाही, एका वाचकाने मला कळवलं होतं की त्यांना बॅगेची मागची बाजू कुत्र्याच्या वाढदिवसाच्या फोटोत सापडली, टोपी घातलेल्या कानाच्या शेजारी.

आता चिकन-भात. ताई, हे जरा टोचेल. तुमच्या पत्रात एक गृहीत धरलंय, की बाहेरचं म्हणजे धोका आणि घरचं म्हणजे सुरक्षित. आपल्या हाताने शिजवलं की आपल्याला शांत वाटतं, मान्य आहे. पण ती शांती आपल्याला मिळते, कुत्र्याला काय मिळतं ते वेगळं बघावं लागतं. बिनहाडाचं चिकन आणि भात यात कॅल्शियम नाहीच्या बरोबर, झिंक, आयोडीन, व्हिटॅमिन ई कमी. आणि गंमत बघा, ज्या व्हिटॅमिन डीला घाबरून तुम्ही पळालात ते यात जवळपास नाहीच, आणि कुत्र्यांना ते आपल्यासारखं उन्हात बसून पुरेसं तयार करता येत नाही, खाण्यातूनच मिळावं लागतं. जास्त झालं तर वाईट आणि नसलं तरी वाईट, म्हणून तर त्याचं मोजमाप लागतं.

२०१३ मधे अमेरिकेत डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लोकांनी कुत्र्यांसाठीच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या, पुस्तकांतल्या, इंटरनेटवरच्या, काही तर व्हेट डॉक्टरांनी लिहिलेल्या. १०० पैकी ९५ पाककृतींत काही ना काही आवश्यक घटक कमी निघाला, आणि ८० पेक्षा जास्त पाककृतींत एकापेक्षा जास्त घटक कमी. म्हणजे नेटवरून उचललेली रेसिपी परिपूर्ण निघायची शक्यता फारच कमी. मांजरं असलेल्या वाचकांनी तर अजून सांभाळा, त्यांना टॉरिन नावाचा, मांसातून मिळणारा घटक लागतो, तो कमी पडला तर डोळे जातात आणि हृदय मोठं आणि ढिलं होतं, आणि हे १९८७ पर्यंत तयार फूड बनवणाऱ्यांनाही नीट कळलं नव्हतं, कळल्यावर त्यांनी प्रमाण वाढवलं. आणि मांजराला "भूक लागली की खाईल" म्हणून दोन-तीन दिवस उपाशी ठेवणं हा तर सरळ लिव्हरशी खेळ आहे.

मी घरच्या जेवणाच्या विरोधात नाही. करायचं तर नीट करा, व्हेट न्यूट्रिशनिस्टकडून चिंगीच्या वजनाला आणि वयाला बसेल अशी रेसिपी घ्या, त्यात सांगितलेलं सप्लिमेंट तेवढंच घाला, आणि आज हे नाही म्हणून ते घातलं असं करू नका, कारण तिथेच गाडी घसरते. एवढं वर्षानुवर्षं जमेल का, स्वतःला खरं विचारा. चार वर्षांच्या तब्येतीने चांगल्या कुत्रीला सात आठवडे चिकन-भाताने काही मोठं होत नाही, त्याचा आता नवीन अपराधीपणा घेऊन बसू नका प्लीज, एक पुरे आहे. पण सात महिने करू नका.

आणि फूडवर परत जायचं तर कुठल्या? हा प्रश्न सगळेच विचारतात आणि सगळ्यांना एक नाव हवं असतं, ते मी देणार नाही. महागडं घ्या म्हणावं तर २००७ आठवतं. त्या वर्षी १६ मार्चला मेन्यू फूड्स नावाच्या कॅनडाच्या कंपनीने ६ कोटींहून जास्त डबे आणि पाऊच परत मागवले, आणि तेव्हा लोकांना कळलं की स्वस्तातलं दुकानी नाव आणि महागातलं नामांकित नाव दोन्ही एकाच कारखान्यात भरले जात होते. गव्हातलं ग्लूटेन चीनमधून आलं होतं, त्यात मेलामाइन नावाचं, प्लास्टिकसाठी वापरतात ते रसायन मिसळलेलं, कारण प्रोटीनच्या साध्या टेस्टमधे नायट्रोजन मोजतात आणि मेलामाइनमधे नायट्रोजन भरपूर, म्हणजे कागदावर प्रोटीन वाढतं. त्याच्या जोडीला सायन्युरिक अॅसिड हे आणखी एक रसायन होतं, दोन्ही मिळून किडनीत खडे जमले आणि कुत्री-मांजरं गेली. कुणाच्या हातून गेली? वाटीत वाढणाऱ्यांच्याच, दुसरं कोण वाढणार.

दुसरं टोक म्हणजे "जिचा कधी रिकॉल झाला नाही ती कंपनी चांगली". मला हे पटत नाही. रिकॉल झाला नाही याचा अर्थ माल चांगला होता असा असेल, किंवा कुणी तपासला नाही असाही असेल. "नॅचरल", "होलिस्टिक", "ग्रेन फ्री" हे बॅगेवरचे शब्द तर सोडूनच द्या. कच्च्या मांसाच्या फूडचे रिकॉल साल्मोनेला आणि लिस्टेरिया या जंतूंसाठी सारखे होत असतात, आणि त्यात कुत्रा मजेत राहतो पण शी मधून जंतू बाहेर टाकतो आणि आजारी पडतं घरातलं लहान पोर. (हात धुणं! रिकॉल असो नसो, वाटी धुतल्यावर, फूड हाताळल्यावर, वीस सेकंद.) मक्याला बुरशी लागून होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष तर भाजूनही जात नाही, डिसेंबर २०२० मधे अमेरिकेत मिडवेस्टर्न नावाच्या कंपनीचं फूड त्यासाठीच परत मागवलं, शंभरावर कुत्री गेल्याच्या नोंदी झाल्या. त्यात लिव्हर जातं, डोळे-हिरड्या पिवळ्या दिसतात. असं काही दिसलं तर रिकॉल आहे का ते शोधत बसू नका, आधी डॉक्टरकडे पळा.

नावापेक्षा प्रश्न विचारा. कंपनीला मेल करा: तुमच्याकडे पूर्णवेळ पशु-आहारतज्ञ आहे का, फूड स्वतःच्या कारखान्यात बनतं की दुसरीकडून बनवून घेता, आलेला कच्चा माल आणि निघालेली बॅच तपासता का, काय काय तपासता. वर्ल्ड स्मॉल अॅनिमल व्हेटर्नरी असोसिएशन म्हणून संस्था आहे, त्यांनी अशा प्रश्नांची यादीच दिलीय. उत्तर काय येतं यापेक्षा कसं येतं त्यावरून मला बरंच कळतं, एक कंपनी मला तीन वेळा "आमच्या उत्पादनावर प्रेम केल्याबद्दल धन्यवाद" एवढंच पाठवत राहिली, तिचं फूड मी परत घेतलं नाही. नवीन फूड ठरलं की आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला, थोडं थोडं मिसळत. (रिकॉलमधलं फूड मात्र त्याच क्षणी बंद, तिथे हळूहळू नाही, पोट जरा बिघडलं तर बिघडलं.)

मैत्रीण. ती त्याच कंपनीचं दुसरं फूड घालते, बरोबर? आणि तुम्ही तिला "तुला तुझ्या कुत्र्याची पर्वा नाही" असं म्हणालात. ताई, रिकॉल लॉटचा असतो. तिच्या बॅगेचा नंबर यादीत नसेल तर ती काही वेडेपणा करत नाहीये. तुम्ही दुधाने पोळलात, तुम्ही ताक फुंकून प्या, पण तिचा पेला तिच्या हातातून ओढून घेऊ नका. तुमच्याकडून तिला द्यायची खरी गोष्ट वर सांगितली तीच आहे, की यादी वाढू शकते. २००७ मधे ती आठवडेच्या आठवडे वाढत गेली, ग्लूटेन झालं, मग एप्रिलमधे तांदळाचं प्रोटीन निघालं. तेव्हा तिला एवढाच मेसेज करा, "तेव्हा जास्त बोलले, तुझा लॉट नंबर पाठव, मी पण यादी बघत असते." ती पाठवेल. नाही पाठवला तरी वाचेल.

मुलीची पोस्ट. ती टाकू देऊ नका, निदान आहे त्या शब्दांत नको. एक तर तारखांचं गणित सांगतं की ते वाक्य खरं नाही, आणि खोटं ठरलेल्या एका वाक्यापायी बाकीचं खरं पण वाहून जातं. दुसरं, अशी पोस्ट रात्रीत हजार लोकांकडे जाते आणि त्यातले निम्मे यादी न बघता बॅगा टाकतात, साप साप म्हणून भुई धोपटत बसतात, आणि कुणीतरी आजारी कुत्र्याचं डॉक्टरांनी लावलेलं फूड बंद करून मोकळा होतो. पण तिचा राग मला समजतो, आणि तो वाया घालवायचा नाही. मालकांच्या तक्रारींना खूप किंमत असते. २००७ चा प्रकार उघडकीला येण्यात मालकांच्या फोनचा वाटा होताच. तिला म्हणावं तक्रार लिही, कंपनीला आणि तुमच्याकडे पशुखाद्य बघणारी जी सरकारी यंत्रणा असेल तिला. फूडचं नाव, कधी घेतलं, कुठून, लॉट माहीत असेल तर तो, चिंगीने किती दिवस खाल्लं, ब्लड रिपोर्ट. विशेषणं नकोत. २००७ च्या त्या रिकॉलनंतर २००८ मधे कोर्टात तडजोड झाली, २ कोटी ४० लाख डॉलरचा फंड ठरला, तेव्हा ज्यांच्याकडे बिलं आणि डॉक्टरांचे कागद होते त्यांचं काम सोपं झालं.

आणि तिला हेही सांगून ठेवा की सगळं करूनही कधीकधी उत्तर मिळत नाही. २०२१ मधे इंग्लंडमधे शेकडो मांजरांच्या रक्तातल्या पेशी अचानक कमी झाल्या, बरीच दगावली. रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या डॉक्टरांनी केसेस गोळा केल्या, जूनमधे काही फूड परत मागवली गेली, बुरशीच्या विषाचा संशय आला, पण नेमकं कशामुळे ते शेवटपर्यंत पक्कं ठरलं नाही. त्या लोकांचा विचार केला की मला अजून कसंतरी होतं.

राहता राहिला नवरा. त्यांच्यावर तुम्ही बरंच लिहिलंय, सगळं इथे छापण्यासारखं नाही. पण एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, की वाघ्याला रात्रीचं जेवण बारा वर्षं तेच द्यायचे, आणि आता ते रात्री नऊला उठून स्वयंपाकघरात जातात आणि पाणी पिऊन परत येतात. ताई, सात आठवडे तुम्ही म्हणताय "त्या फूडने वाघ्या गेला". ते फूड वाढणारा हात कोणाचा होता? "काही झालेलं नाही" असं तो माणूस म्हणणार नाही तर काय म्हणणार. तुम्ही स्वतःवर ओढलेला आसूड दरवेळी त्यांनाही लागतोय आणि ते बोलणाऱ्यातले नाहीत असं दिसतं. त्यांना ही तारखांची गोष्ट सांगा. "तू म्हणत होतास तेच खरं" असं म्हणायची गरज नाही, कारण चिंगीच्या टेस्टबद्दल ते खरे नव्हतेच. नुसता कागद घ्या, एका बाजूला नोव्हेंबर आणि जानेवारी लिहा, दुसऱ्या बाजूला मार्च आणि मे, आणि टेबलावर ठेवा. ते पण मोजतील.

रिपोर्ट आले की मला कळवा, कॅल्शियमचा आकडा लिहून.

आणि तो फ्रीज. चिंगी हुंगतेय म्हणजे खाली नक्की काहीतरी आहे, एप्रिल-मेचे दाणे असतील तर ते तिच्या पोटात जायला नकोत, आजच काढा. एकटीने ओढू नका, कंबर धराल, नवऱ्याला हाक मारा. मागे वाघ्याने ढकललेले पण निघतील, ते दोघांनी मिळूनच झाडलेलं बरं.